मेसेज अडला कुठे? क्वेरी टूलमधले गायब, अर्धवट आणि चुकीचे मेसेज कसे शोधायचे

क्वेरी टूलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न किंवा हुकूम पाठवायच्या प्रोग्राममध्ये, क्वेरी चालवली, काम झाल्याची खूण आली आणि मेसेजेसचा टॅब मात्र कोरा. किंवा मेसेज आला, पण मध्येच तुटलेला. किंवा एरर १४व्या ओळीवर आहे असं टूल सांगतंय आणि १४व्या ओळीवर नुसती कॉमेंट आहे. डेटाबेसवर रोज काम करणाऱ्याला यातलं काही ना काही भेटतंच. बहुतेक जण टूल बंद करून परत उघडतात आणि पुढच्या कामाला लागतात.

माझं म्हणणं आहे की हे असं सोडून देऊ नये. निकालात आकडा चुकला तर तो निदान डोळ्यांना खुपतो. न आलेली वॉर्निंग खुपत नाही. ती आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून आपण कमिट करून, म्हणजे बदल कायम करून, मोकळे होतो. शिवाय माग काढायची रीत एकदा बसली की हे काम वाटतं तितकं अवघड नाही.

कुठलाही मेसेज पडद्यावर येण्याआधी चार हातांतून जातो. आधी डेटाबेस सर्व्हर तो तयार करतो, किंवा करत नाही. मग तो त्या डेटाबेसच्या प्रोटोकॉलमधून, म्हणजे संवादाच्या ठरलेल्या नियमांनी, वायरवर जातो. पलीकडे ड्रायव्हर, म्हणजे टूलच्या वतीने डेटाबेसशी बोलणारा कोड, तो उचलतो. आणि शेवटी टूल तो टॅबमध्ये लिहितं. आपल्याला दिसतं ते फक्त चौथ्या हातातलं, म्हणून सगळा संशय टूलवर जातो. प्रत्यक्षात गडबड चारपैकी कुठेही असू शकते. आपलं काम एवढंच की मेसेज कुठल्या हातापर्यंत धड होता हे ठरवायचं.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे तीच क्वेरी, त्याच सर्व्हरवर, त्याच युजरने, दुसऱ्या क्लायंटमधून चालवायची. शक्यतो डेटाबेससोबत येणाऱ्या कमांड लाइन क्लायंटमधून, म्हणजे पोस्टग्रेसला पीएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरला एसक्यूएलसीएमडी, ओरॅकलला एसक्यूएलप्लस. तिथे मेसेज नीट आला तर सर्व्हर सुटला आणि ड्रायव्हर किंवा टूल उरलं. तिथेही आला नाही तर टूलच्या सेटिंग्ज चाळण्यात वेळ घालवू नका, सर्व्हरकडे बघा. एकच काळजी घ्यायची, ती म्हणजे दोन्हीकडची सेशन सेटिंग्ज (त्या-त्या कनेक्शनपुरती लागू असलेली) सारखी हवीत. ती नसतील तर चाचणीला अर्थ राहत नाही, आणि याचं उत्तम उदाहरण पुढेच येतंय.

मेसेज मुळात तयारच झाला नाही

सर्व्हरला गप्प बसायला आपणच सांगितलेलं असतं, हे फार वेळा घडतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसीजरच्या, म्हणजे सर्व्हरवर साठवलेल्या कोडच्या, सुरुवातीला ‘सेट नोकाउंट ऑन’ लिहायची पद्धत आहे. त्याने ‘इतक्या रो बदलल्या’ (रो म्हणजे टेबलातली एक नोंद) ही ओळ येणं बंद होतं. हा बग नाही, मागितलेलं मौन आहे. पण प्रोसीजर दुसऱ्याने लिहिली असेल तर वापरणाऱ्याला ते कसं कळणार?

पोस्टग्रेसमध्ये हेच काम ‘क्लायंट_मिन_मेसेजेस’ हे सेटिंग करतं. त्याची मूळ किंमत ‘नोटीस’ असते, म्हणून ‘रेझ नोटीस’ने पाठवलेल्या ओळी आपल्याला दिसतात. ती ‘वॉर्निंग’ केली की नोटीस सर्व्हरमधून बाहेरच पडत नाहीत. आता गंमत बघा. पीजीडंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप टूलने बनवलेल्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच हे सेटिंग ‘वॉर्निंग’ करणारी ओळ असते. ती स्क्रिप्ट तुम्ही टूलच्या एखाद्या टॅबमध्ये चालवलीत, तर त्या टॅबचं कनेक्शन बंद होईपर्यंत एकही नोटीस दिसणार नाही. शेजारच्या टॅबमध्ये मात्र सगळं येतंय. ‘कालपर्यंत मेसेज येत होते, आज बंद झाले’ अशा तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच निघतं. कनेक्शन पूलमधून, म्हणजे अनेकांनी आळीपाळीने वापरायच्या तयार कनेक्शनांमधून, येत असेल तर आणखी गोंधळ, कारण कुणीतरी बदललेलं सेटिंग घेऊन तेच कनेक्शन तुमच्या हातात येतं आणि मेसेज कधी दिसतो, कधी नाही. अशा वेळी ‘शो’ कमांडने त्याच टॅबमध्ये सेटिंगची आत्ताची किंमत विचारायची. दुसऱ्या टॅबमध्ये विचारून उपयोग नाही. नोटीसऐवजी ‘रेझ इन्फो’ वापरलं तर तो मेसेज या सेटिंगला न जुमानता क्लायंटकडे येतो, त्यामुळे तपासासाठी ही पातळी फार कामाची.

ओरॅकलची तऱ्हा वेगळी. ‘डीबीएमएस_आउटपुट’ने लिहिलेली ओळ क्लायंटकडे आपोआप येतच नाही. ती सर्व्हरवर सेशनच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठते, आणि ब्लॉक (चालवलेला कोडचा तुकडा) संपल्यावर क्लायंटने ती मागून घ्यायची असते. ‘सेट सर्व्हरआउटपुट ऑन’ म्हणजे टूलला दिलेली ‘ब्लॉक संपला की बफर वाचून दाखव’ ही सूचना. ती दिली नसेल तर कोड बरोबर, सर्व्हर बरोबर आणि टॅब कोरा.

याच गटातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे एरर पकडून गिळून टाकणारा कोड. कॅच ब्लॉक आहे पण आत काही नाही, किंवा पोस्टग्रेसच्या पीएलपीजीएसक्यूएल भाषेत ‘व्हेन अदर्स देन नल’ लिहिलंय. इथे कुठलंही टूल काहीच दाखवू शकत नाही. मला विचाराल तर असा ब्लॉक कोड रिव्ह्यूमध्ये दिसला की तिथेच थांबवावा.

सगळे मेसेज शेवटी एकदम येतात

तासभर चालणारी प्रोसीजर आहे. दर टप्प्याला ‘प्रिंट’ लिहिलंय, म्हणजे प्रगती दिसेल. प्रत्यक्षात तासभर काहीच येत नाही आणि शेवटी सगळ्या ओळी एकदम कोसळतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याचं कारण सर्व्हरवरच आहे. ‘प्रिंट’चा मजकूर आधी बफरमध्ये जातो, आणि तो भरला किंवा बॅच (एकदम पाठवलेला विधानांचा गट) संपली की मगच बाहेर पडतो. लगेच पाठवायचा असेल तर ‘रेझएरर’ ही कमांड शून्य पातळीने (पातळी म्हणजे मेसेज किती गंभीर ते) आणि ‘विथ नोवेट’ लावून वापरायची. नावात एरर असली तरी शून्य पातळीचा मेसेज निव्वळ माहितीचा असतो. एक लक्षात ठेवा, रेझएररच्या मजकुरात टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ आहे. ‘५०% काम झालं’ असं सरळ लिहिलंत तर मेसेजऐवजी २७८७ क्रमांकाची एरर मिळते. चिन्ह दोनदा लिहायचं.

हेच लक्षण पोस्टग्रेसवर दिसलं तर संशयित बदलतो. पोस्टग्रेस नोटीस तयार झाल्याबरोबर पुढे ढकलतो. म्हणून नोटीस शेवटी एकदम आल्या तर त्या ड्रायव्हरने साठवल्या आहेत किंवा टूलने क्वेरी संपेपर्यंत टॅब रंगवलेला नाही. आणि ओरॅकलमध्ये हे लक्षण म्हणजे रचनाच तशी आहे. ब्लॉक चालू असताना डीबीएमएस_आउटपुटची ओळ दिसणं शक्य नाही. तिथे प्रगती बघायची तर ‘डीबीएमएस_ॲप्लिकेशन_इन्फो’ने माहिती नोंदवायची आणि दुसऱ्या सेशनमधून बघायची. लक्षण तिन्हीकडे एकच असूनही दोषी तीन वेगळे निघतात, म्हणून लक्षणावरून थेट उपायावर उडी मारू नये.

मेसेज मध्येच तुटतो

हा प्रकार जरा जवळून बघू, कारण इथे माणूस हमखास चुकीच्या दिशेने जातो.

समजा एसक्यूएल सर्व्हरमध्ये तुम्ही डायनॅमिक क्वेरी बांधताय. तुकडे जोडत जोडत ती एका ‘एनव्हारचार मॅक्स’ (खूप लांब युनिकोड मजकूर मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये साठवली आणि चालवण्याआधी प्रिंट करून बघितली. पडद्यावर ती एका कॉलमच्या नावाच्या मध्यावर तुटलेली दिसते. आता दोन शक्यता आहेत. एक, व्हेरिएबलमध्ये क्वेरी पूर्ण आहे, फक्त प्रिंटने ती कापली. दोन, व्हेरिएबलमध्येच ती कापलेली आहे. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्याच दिसतात, कारण दोन्हीकडे मर्यादा ४००० अक्षरांचीच आहे. प्रिंट युनिकोड मजकुराची ४००० आणि बिगर युनिकोड मजकुराची ८००० अक्षरं दाखवतं, उरलेलं न बोलता टाकून देतं. दुसरीकडे, जोडले जाणारे तुकडे साध्या एनव्हारचारचे असतील आणि त्यात एकही ‘मॅक्स’ प्रकारचा नसेल, तर जोडाचा निकालही ४००० अक्षरांवर कापला जातो. तो ज्या व्हेरिएबलमध्ये जातो ते मॅक्स असलं तरी वाचवत नाही, कारण कापाकापी त्याआधीच झालेली असते.

फरक कळायला ‘डेटालेंग्थ’ हे फंक्शन पुरेसं आहे. ते बाइट मोजून देतं, आणि एनव्हारचारमध्ये नेहमीच्या अक्षरांना प्रत्येकी दोन बाइट लागतात. उत्तर बरोबर ८००० आलं तर व्हेरिएबलच कापलं गेलंय. जोडणीतल्या पहिल्या तुकड्याला मॅक्स प्रकारात कास्ट करा, म्हणजे बदला. उत्तर ८००० पेक्षा जास्त आलं तर क्वेरी शाबूत आहे, प्रिंटने दगा दिला. मग ती सबस्ट्रिंगने तुकडे करून प्रिंट करायची. तुकडे ओळीच्या शेवटी पाडावेत, नाहीतर एखादं नाव दोन ओळींत फुटतं आणि वाचणाऱ्याला नवीनच कोडं पडतं.

रेझएररची मर्यादा याहून कमी आहे. २०४७ अक्षरांपर्यंत मेसेज पूर्ण दिसतो. त्याहून लांब असेल तर पहिली २०४४ दाखवून पुढे तीन टिंबं येतात. निदान कापल्याची खूण तरी ठेवतं. आणि मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हरच्या टूलमध्ये निकाल मजकूर स्वरूपात बघत असाल तर प्रत्येक कॉलमची फक्त २५६ अक्षरं दाखवायचं मूळ सेटिंग असतं. म्हणून तुटलेला मजकूर दिसला की आधी तो किती अक्षरांवर तुटलाय ते मोजा. २५६, २०४४, ४०००, ८००० हे आकडे स्वतःच सांगतात कुणी कापलं ते.

ओळ आणि जागा चुकीची

एसक्यूएल सर्व्हरची एरर ओळ क्रमांक देते तेव्हा ती फाइलमधली ओळ नसते, बॅचमधली असते. ‘गो’ हा शब्द सर्व्हरला माहीतच नाही. तो टूलसाठी आहे. टूल तिथे स्क्रिप्ट कापतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा पाठवतं, आणि सर्व्हर दर तुकड्याला १ पासून मोजतो. ३०० ओळींच्या फाइलमध्ये ‘ओळ ३’ दिसण्याचं हेच कारण. प्रोसीजरच्या आतल्या एररमध्ये क्रमांक प्रोसीजर तयार करणाऱ्या बॅचपासून मोजलेला असतो, आणि ‘क्रिएट’च्या वर त्याच बॅचमध्ये लिहिलेल्या कॉमेंटच्या ओळीही त्यात धरल्या जातात.

पोस्टग्रेस ओळ क्रमांक पाठवत नाही. तो क्वेरीच्या सुरुवातीपासून कितव्या अक्षरावर चूक आहे ते पाठवतो, मोजणी १ पासून, आणि अक्षरं मोजून, बाइट नव्हे. लाल रेघ कुठे ओढायची हे टूलने त्या आकड्यावरून ठरवायचं. इथे बग शिरायला भरपूर जागा आहे. क्वेरीत ‘सुनीता’ असं नाव आहे आणि चूक त्याच्या बरीच पुढे आहे, असं धरा. आपल्याला त्यात तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात व्यंजनं आणि मात्रा मिळून ती सहा आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण १८. टूलने अक्षरांऐवजी बाइट मोजले तर लाल रेघ १२ जागा डावीकडे सरकते. निव्वळ इंग्रजी क्वेरींवर टूल तपासणाऱ्याला हा बग कधीच दिसणार नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीची एककं मोजणाऱ्या टूलमध्ये देवनागरी नीट चालते, पण इमोजी आला की रेघ एका जागेने सरकते, कारण एका इमोजीला बहुधा दोन एककं लागतात.

म्हणून रेघ चुकली की ती किती चुकते आणि कशाने वाढते ते बघा. क्वेरी बदलली तरी चूक ठरावीकच राहत असेल, तर टूल तुमच्या क्वेरीच्या आधी काहीतरी जोडतंय. क्वेरी कशी चालेल ते विचारणारं ‘एक्स्प्लेन’, किंवा रो मर्यादित ठेवायला बाहेरून गुंडाळलेली दुसरी क्वेरी. दर ओळीमागे चूक एकाने वाढत असेल तर ओळ संपवणारी चिन्हं बघा. एका बाजूला ती दोन अक्षरं मोजली जाताहेत आणि दुसरीकडे एक. बिगर इंग्रजी मजकुरानंतरच चूक सुरू होत असेल तर बाइट आणि अक्षरांचा गोंधळ. निवडलेला भाग चालवल्यावरच होत असेल तर टूल निवडीची सुरुवात हिशेबात धरायला विसरलंय. एवढं निरीक्षण केलंत तर टूलचा कोड न उघडताही त्यातली चूक बोट ठेवून दाखवता येते.

मायएसक्यूएलच्या वॉर्निंग

मायएसक्यूएल क्वेरी संपल्यावर क्लायंटला वॉर्निंगची फक्त संख्या कळवतो. मजकूर हवा असेल तर ‘शो वॉर्निंग्ज’ म्हणून वेगळं विचारावं लागतं. आणि ही यादी पुढचं साधं विधान चाललं की पुसली जाते. आता टूल काय करतं? तुमची क्वेरी संपल्याबरोबर, तुम्हाला न सांगता, डावीकडची टेबलांची यादी ताजी करायला किंवा चालू डेटाबेसचं नाव विचारायला त्याच कनेक्शनवर आणखी एखादी क्वेरी पाठवतं. तुम्ही ‘शो वॉर्निंग्ज’ टाइप करेपर्यंत यादी कोरी. ‘१ वॉर्निंग’ असं लिहिलेलं दिसतंय पण ती सापडत नाही, याचं कारण हे. तपासायला दोन्ही विधानं एकत्र निवडून एका दमात चालवा. जास्त खात्री हवी तर सर्व्हरचा जनरल लॉग (आलेली प्रत्येक क्वेरी नोंदवणारा) थोडा वेळ चालू करून टूल मधे काय काय पाठवतंय ते बघा. चालत्या मोठ्या सर्व्हरवर नको, तो लॉग झपाट्याने वाढतो.

ही वॉर्निंग क्षुल्लक नसते. स्ट्रिक्ट मोड (न बसणाऱ्या किमतीला एरर देणारं सेटिंग) बंद असेल तर १० अक्षरांच्या कॉलममध्ये १४ अक्षरांचं नाव घातल्यावर एरर येत नाही. मायएसक्यूएल शेवटची ४ अक्षरं कापून रो घालतो आणि १२६५ क्रमांकाची वॉर्निंग नोंदवतो. ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असतो, पण ‘इन्सर्ट इग्नोर’ वापरलं की एररची पुन्हा वॉर्निंगच होते. म्हणजे कापलेला डेटा आणि तुम्ही यांच्या मधे टूलच्या टॅबमधली ती एक ओळच उभी असते. ८.० मध्ये अशा १०२४ मेसेजपर्यंतच मजकूर साठवला जातो, आधीच्या आवृत्त्यांत ६४. संख्या मात्र पूर्ण मोजली जाते, त्यामुळे आकडा १५०० आणि यादी १०२४ ची दिसली तर टूलला बोल लावू नका.

बदललेल्या रोंच्या आकड्याचंही असंच. अपडेटने जुळलेल्या पण आधीच तीच किंमत असलेल्या रो मायएसक्यूएल मुळात मोजत नाही. क्लायंटने जोडतानाच जुळलेल्या रोंचा आकडा मागितला तर मोजतो. म्हणून एकाच अपडेटला एक टूल ० सांगतं आणि दुसरं १०. दोन्ही खरं बोलताहेत.

ड्रायव्हर आणि टूलचा वाटा

एका बॅचमध्ये अनेक विधानं असतात तेव्हा उत्तरंही अनेक येतात, आणि ती ड्रायव्हरकडून एकामागून एक मागून घ्यावी लागतात. टूल किंवा तुमचा प्रोग्राम पहिला निकाल घेऊन थांबला तर तिसऱ्या विधानाची एरर पोचूनही वाचली जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ‘नेक्स्ट रिझल्ट’ आणि जावाच्या जेडीबीसीमध्ये ‘गेट मोअर रिझल्ट्स’ शेवटपर्यंत फिरवायचं ते यासाठी. जेडीबीसीमधल्या वॉर्निंग साखळीने जोडलेल्या असतात. पहिली वाचून थांबणारा कोड बाकीच्या गमावतो. डॉटनेटमध्ये १० किंवा कमी पातळीचे मेसेज ‘इन्फोमेसेज’ या इव्हेंटमधून येतात आणि ११ पासून वरचे एक्सेप्शन बनतात. तो इव्हेंट कुणी ऐकतच नसेल तर प्रिंटची ओळ तिथेच संपते.

कमांड लाइनवर पीएसक्यूएलचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की निकाल फाइलमध्ये जातात आणि नोटीस पडद्यावरच राहतात, कारण त्या एरर आउटपुटवर लिहिल्या जातात. दोन्ही प्रवाह एकत्र वळवले तरी क्रम बिघडू शकतो. ब्राउझरमध्ये चालणारं टूल असेल तर आणखी एक चाचणी करा. कोनदार कंसात एखादा शब्द घालून मेसेज पाठवा. कंसासकट शब्द गायब झाला तर टूल मेसेजचा मजकूर थेट एचटीएमएल म्हणून रंगवतंय. हा निव्वळ दिसण्याचा बग नाही, सुरक्षेचं भोक आहे, आणि तो ताबडतोब कळवावा.

कळवताना सर्व्हर, ड्रायव्हर आणि टूल या तिन्हींच्या आवृत्त्या लिहा. कोऱ्या डेटाबेसवरही चालेल अशी छोटीशी क्वेरी द्या, दुसऱ्या क्लायंटमध्ये काय दिसलं ते लिहा, आणि मेसेज फोटोऐवजी मजकूर म्हणून चिकटवा. पोस्टग्रेस ९.६ पासून पीएसक्यूएलमध्ये ‘एररव्हर्बोज’ ही कमांड शेवटची एरर सगळ्या तपशिलांसह पुन्हा दाखवते, ती सोबत जोडली की समोरच्याचा बराच वेळ वाचतो. मात्र जोडण्याआधी ती वाचून घ्या. युनिक कीच्या एररमध्ये तपशिलाच्या ओळीत खरी किंमत छापलेली असते, म्हणजे कुणाचा तरी ईमेल किंवा फोन नंबर. तो काढून त्या जागी खोटी किंमत लिहा आणि मगच पाठवा.